मावळचे पाणी

मुंबई-पुणे रस्त्याने उभा जन्म ये-जा करणाऱ्या माणसाला मावळ ठाऊक असते ते बहुधा खिडकीच्या चौकटीएवढे. तळेगाव मागे पडले की भातखाचरे सुरू होतात, मळवलीच्या सुमारास लोहगड-विसापूरची जोडी डोके वर काढते, लोणावळ्याला चिक्कीची पाकिटे गाडीत चढतात आणि खंडाळ्याचे बोगदे येईपर्यंत डोळा लागलेला असतो. बारा मावळांची नावे शिवचरित्रात वाचलेली असतात. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ ही खोरी आजही त्याच नावांनी नांदतात. पण ती महामार्गापासून थोडी आत, म्हणजे वाटसरूच्या लेखी नसल्यासारखीच.

चिंचवडच्या एका जैन ज्येष्ठ मंडळाने कार्तिकी पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार या खोऱ्यांसाठी राखून ठेवला, त्यामागे फार मोठा विचार नव्हता. चातुर्मासात बाहेरगावी न जाण्याचा नियम पाळणारी मंडळी मोकळी झाली होती आणि लांबच्या यात्रेला गुडघे तयार नव्हते. पावसाळी सहलीचा विषय मंडळाने केव्हाच सोडून दिला होता. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेव्हापासून कोसळणारे पाणी पाहण्याची हौस पुष्कळांची निमाली होती. बत्तीस आसनांची बस ठरली, एकोणतीस जणांनी नावे दिली, आणि पहाटे सहाला थेपले, दशम्या, खाकरे व मुगाच्या वड्यांच्या डब्यांसह उकळून गार केलेल्या पाण्याची स्टीलची दोन पिंपे बसच्या मागच्या भागात दोरीने बांधली गेली.

प्रवाशांत एक जोडपे गेल्या जूनमध्ये नॉर्वे पाहून आलेले होते. बेर्गनहून बसने निघून व्हॉस, फ्लॉम, लेर्डाल असा दिवसभराचा प्रवास त्यांनी केला होता, आणि त्या दिवसाची हकीकत सांगण्याची संधी ते सहसा दवडत नसत. निगडी ओलांडायच्या आत बसने त्यांचे ‘नॉर्वेचे काका’ असे नामकरण करून टाकले. दुसऱ्या प्रवासी आत्याबाई. मंडळाच्या सचिवांच्या त्या सख्ख्या आत्या, म्हणून सगळ्यांच्याच आत्याबाई. वय ऐंशी, डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. त्यांनी नाव नोंदवताना एकच प्रश्न विचारला होता : “बस पवनेवरून जाणार ना?” कार्यक्रमपत्रिकेत ‘पवना जलाशय, छायाचित्रांसाठी वीस मिनिटे’ अशी ओळ होती. ती त्यांना वाचून दाखवण्यात आली, आणि त्यावर त्या काही बोलल्या नाहीत.

देहूरोड सोडल्यावर जुन्या महामार्गाच्या कडेने चार साध्वीजी विहार करीत चाललेल्या दिसल्या. पांढरी वस्त्रे, खांद्यावर पात्रांची झोळी, अनवाणी पाय, आणि हाताच्या अंतरावरून सुसाट जाणारे ट्रक. बस थांबली, मंडळींनी उतरून वंदना केली. चातुर्मास संपताच त्या निघाल्या होत्या आणि लोणावळ्यापर्यंतचे अंतर त्यांना टप्प्याटप्प्याने काही दिवसांत कापायचे होते. बसला त्यासाठी दीड तास पुरेसा होता. अशा विहारात वाहनांच्या धडकेने साधू-साध्वींचे प्राण गेल्याच्या वार्ता समाजात वारंवार येतात, त्यामुळे बस पुन्हा सुरू झाली तेव्हा चालकाला “जपून चालवा” असे तिघांनी एकदमच सांगितले.

वडगावचा थांबा लहान होता. जानेवारी १७७९ मध्ये पुण्यावर चालून आलेल्या इंग्रज फौजेला मराठ्यांनी इथे कोंडून तह करायला लावला. त्याआधी कार्ल्याजवळ पडलेला कॅप्टन स्टुअर्ट हा लोकांच्या तोंडी ‘इष्टुर फाकडा’ झाला. शत्रूच्या शौर्याला असे लाडके नाव देणारे लोक विरळाच. वडगावची दुसरी ओळख जेवणाऱ्यांना अधिक जवळची आहे. आंबेमोहोराशी नाते सांगणारा इंद्रायणी तांदूळ इथल्याच भात संशोधन केंद्राने तयार केला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्याच भाताची कापणी चालली होती, आणि बसच्या उघड्या खिडक्यांतून तो कोवळा, गोडसर वास आत येत होता.

कामशेत आले तेव्हा सचिवांनी उठून उभे राहून एक माहिती सांगितली, आणि बसमधील गप्पा थांबल्या. इथून जवळच पाले नावाचे गाव आहे. त्या गावच्या डोंगरातील एका लेण्यात ब्राह्मी लिपीतला एक छोटा शिलालेख आहे. ह. धी. सांकलिया आणि शोभना गोखले यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. काळ इसवी सनापूर्वीचा, म्हणजे किमान दोन हजार वर्षांचा. लेखाचा आरंभ अरहंतांना केलेल्या नमस्काराने होतो. म्हणून महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या जैन लेखांत त्याची गणना केली जाते. मजकूर एवढाच की, भदंत इंदरखिताने हे लेणे करविले आणि पोढी करविली. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके.

चढण अवघड असल्याने तिथे जाणे कार्यक्रमात नव्हतेच. मंडळींनी बसमधूनच त्या दिशेला हात जोडले. एका गृहस्थांनी मात्र शंका काढली : मंदिर नाही, मूर्ती नाही, मग दोन हजार वर्षे टिकावे म्हणून खडकावर लिहिले काय, तर पाण्याच्या टाक्याची नोंद? शंका रास्त होती. तिचे उत्तर मावळच्या पावसातच आहे. सह्याद्रीच्या या कडेला चार महिने पाऊस धो धो कोसळतो, आणि फाल्गुन-चैत्रात त्याच डोंगरावर घोटभर पाण्यासाठी वणवण करावी लागते. पावसात एका जागी स्थिर राहायचे, हा नियम श्रमणांनी पाळला तो जीवरक्षेसाठी; पण पावसानंतरही डोंगरात कोणी राहायचे, वाटसरूने घाट ओलांडायचा, तर आकाशातून पडलेले पाणी कोणीतरी धरून ठेवायला हवे होते. पडणारे पाणी सर्वांनाच दिसते. धरलेले पाणी ही मात्र कुणाची तरी करणी असते.

कार्ल्याच्या पायऱ्या चढायला एकोणतीसांपैकी सतरा जण तयार झाले. वरती एकवीरा आईच्या दर्शनाला आलेल्या कोळी कुटुंबांची रांग, हळदीचा पिवळा रंग, ढोल. आणि तिच्या अगदी शेजारी चैत्यगृहाची ती विलक्षण शांत, सुमारे १२४ फूट खोल पोकळी. लेणे बौद्धांचे आहे. सूर्यगवाक्षातून उतरलेला उजेड स्तूपावर पडत होता आणि छताखाली सागवानी कमानींच्या फासळ्या ओळीने उभ्या होत्या. नॉर्वेचे काका इथे पहिल्यांदा गप्प झाले. लेर्डालजवळच्या बोर्गुंड येथील बाराव्या शतकातले लाकडी चर्च त्यांनी पाहिले होते; आठशे वर्षे टिकलेल्या त्या लाकडाचे कौतुक सकाळपासून चारदा झाले होते. आता डोक्यावर होते ते लाकूड दोन हजार वर्षांचे, मूळचे. ते बराच वेळ मान वर करून उभे राहिले, मग पत्नीला म्हणाले, “चाळीस वर्षं आपण याच्या पायथ्याशी मिसळ खाऊन पुढे जात होतो.”

ज्यांनी आयुष्य पेढीवर किंवा बँकेच्या काउंटरमागे घालवले आहे, अशांना कार्ल्याच्या भिंती वाचायला विशेष आवडाव्यात. वैजयंतीचा म्हणजे कर्नाटकातील बनवासीचा शेठ भूतपाल याने हे लेणे पुरे केले, आणि जंबुद्वीपात याहून उत्तम शैलगृह नाही असा अभिमानही कोरून ठेवला. धेनुकाकटाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने दिलेले दान आहे, तिथल्याच सुताराने केलेले द्वार आहे, यवनांनी दिलेले खांब आहेत. प्रत्येक रकमेला, प्रत्येक खांबाला नाव. नहपानाचा जावई उषवदात याने इथल्या, पावसाळा लेण्यात काढणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक हे गाव दिले. याच उषवदाताने नाशिकच्या लेण्यात तीन हजार कार्षापणांची ठेव विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली : दोन हजार शेकडा एक दरमहा दराने आणि एक हजार शेकडा पाऊण दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातूनच खर्च भागवायचा, ही अटसुद्धा दगडात आहे. ठेवीची पावती इतक्या टिकाऊ कागदावर पुढे कोणत्याच बँकेने दिली नाही.

दुपारचे जेवण लोणावळ्यात आटोपून बस खंडाळ्याला राजमाची पॉइंटवर गेली. समोर श्रीवर्धन आणि मनरंजन, खाली बोरघाटाची दरी, आणि तिच्या कुशीतून वळसे घेत चढणारा लोहमार्ग. नॉर्वेच्या काकांना पुन्हा कंठ फुटला. फ्लॉमची गाडी अठरा फुटांत एक फूट चढते आणि तिचा मार्ग १९४० साली सुरू झाला, हे त्यांना तोंडपाठ होते. बोरघाटाचा चढ सदतीस फुटांत एक फूट. आकडा सौम्य वाटतो, पण हा मार्ग १८६३ साली, सुरुंगाची दारू आणि पहारीच्या जोरावर खुला झाला. पंचवीस बोगदे, आठ कमानी पूल. १८६१ साली एकाच वेळी ४२,००० माणसे या कड्यांवर राबत होती. पटकी आणि तापाने त्यांतली हजारो गेली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे येताच मरण पावला आणि त्याच्या पत्नीने, ॲलिसने, काम पुढे चालवले. तिचे नाव ग्रंथांतून सापडते. राबणाऱ्यांचे नाव म्हणाल तर घाटात एक शिंग्रोबाचे देऊळ आहे. साहेबाला वाट दाखवणाऱ्या धनगराचे ते ठाणे अशी लोकांची श्रद्धा आहे, आणि घाट उतरणारे चालक आजही तिथे नाणे टाकतात. कार्ल्याच्या सुताराचे नाव दोन हजार वर्षे राहिले; अवघ्या दीडशे वर्षांपूर्वीच्या हजारोंपैकी एका धनगराची आठवण उरली, हा हिशेब कुठेतरी चुकलेला वाटतो.

फ्लॉमच्या वाटेवर शोसफॉसेन नावाचा धबधबा लागतो. आगगाडी तिथे पाच मिनिटे थांबते, प्रवासी उतरून तुषारांत भिजतात. त्या लोहमार्गाला वीज मिळते तीही त्याच धबधब्याच्या पाण्यातून. लोणावळ्यातही हेच घडते, फक्त पाहायला कोणी थांबत नाही. वळवण, शिरोता आणि लोणावळा ही टाटांची तळी १९१५ पासून खोपोलीचे वीजगृह चालवत आहेत. इंद्रायणीच्या खोऱ्यातले हे पाणी मुळात पूर्वेला जायचे. देहू, आळंदीवरून भीमेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला मिळायचे. ते अडवून नळांवाटे घाटाखाली सोडले, त्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या, आणि पाणी पश्चिमेचे झाले. एका पिढीच्या आत नदीने दिशा बदलली, आणि दिवे लागले ते तिसऱ्याच ठिकाणी.

तीन वाजता बस दुधिवरे खिंडीच्या रस्त्याला लागली. लोहगड आता अगदी डोक्यावर होता, विंचूकाट्याची सोंड ढगात गेलेली. या गडाच्या परिसरातील लेण्यात पालेच्या लेखाशी जुळणारा आणखी एक ब्राह्मी लेख २०१९ साली उजेडात आला. आरंभ अरहंतांच्या नमस्काराचा, नाव त्याच इंदरखिताचे, आणि त्यातही पाण्याच्या टाक्यांचा उल्लेख. कोण होता, कुठून आला, याविषयी दगड काही सांगत नाही. दोन डोंगरांवर त्याने पाणी धरून ठेवले, एवढेच त्याचे चरित्र.

खिंड ओलांडताच पवनेचा जलाशय दिसला. तुंग आणि तिकोना यांच्या पायथ्यापर्यंत पसरलेले, काठोकाठ भरलेले निळे पाणी. “हा थेट फ्योर्ड!” असे काका म्हणाले, आणि या वेळी कोणी हसले नाही, कारण ते खरेच तसे दिसत होते. फोन बाहेर निघाले. काठावरच्या तंबूंच्या रांगा मागे टाकून बस एका मोकळ्या जागी थांबली.

आत्याबाई सचिवांचा हात धरून उतरल्या आणि पाण्यापासून दहा पावलांवर उभ्या राहिल्या. त्यांनी समोरच्या डोंगराची सोंड पाहिली, मग डावीकडची टेकडी, मग दोन्हींच्या मधली पाण्यातली एक जागा. “तिथं,” त्या म्हणाल्या. तिथे काहीच नव्हते. त्यांचे माहेर होते.

त्यांच्या वडिलांचे पवन मावळातल्या एका खेड्यात किराणा आणि धान्याचे दुकान होते. तीन खणांचे घर, पुढे ओटा, ओट्यावर तराजू. १९६३ साली त्या ओट्यासमोर मांडव पडून त्यांचे लग्न झाले. सत्तरच्या दशकाच्या आरंभी धरणात पाणी अडले. त्याआधी वडील, भाऊ आणि चोपड्यांची ट्रंक तळेगावला गेली. त्यानंतर त्या या बाजूला आल्या नव्हत्या. माहेरपण तळेगावच्या भाड्याच्या खोल्यांत झाले.

“उन्हाळ्यात पाणी उतरलं की दिसत असेल का हो काही?” त्यांनी चालकाला विचारले. चालक याच खोऱ्यातला होता. वैशाखात पाणी ओसरले की वाघेश्वराचे जुने दगडी देऊळ उघडे पडते, लोक दर्शनाला जातात, असे त्याने सांगितले. “घरं मातीची होती ना आजी. ती पहिल्याच वर्षी विरघळली असतील.” त्यांनी मान हलवली. एवढे त्यांनाही ठाऊक असावे.

मग त्यांनी जे सांगितले, ते वीस मिनिटांत मावणारे नव्हते. ज्या दिवशी गावकऱ्यांना नुकसानभरपाईचे पैसे वाटले गेले, त्या दिवशी वाटपाच्या जागेबाहेर उधारीच्या वह्या घेऊन बरीच माणसे उभी होती. शेतकरी पैसे घेऊन बाहेर आला की त्याला बाजूला घेतले जाई. जमीन गेलेली, घर जाणारे, आणि हातात आलेल्या नोटांतल्या अर्ध्या उंबरठ्यावरच मोजल्या जात. वह्या घेऊन उभ्या राहिलेल्यांत आपल्या समाजाचेही लोक होते, हे आत्याबाईंनी लपवले नाही. त्यांचे चुलतेही निघाले होते. वडिलांनी मात्र त्या दिवशी दुकानाला कुलूप लावून चोपडा ट्रंकेत टाकला आणि किल्ली कमरेला लावून घरात बसून राहिले. “भाऊ काकांना म्हणाले, आज नको. एवढंच म्हणाले.” घरात त्यावरून भांडण झाले. चुलत्यांनी वर्षभर बोलणे टाकले, कारण तळेगावात नवे दुकान घालायला भांडवल त्याच उधारीत अडकलेले होते. नवे दुकान कधीच नीट उभे राहिले नाही. भाऊ दुसऱ्याच्या पेढीवर मुनीम झाले.

“मग बुडालेच की पैसे!” पलीकडून कोणीतरी म्हणाले.

“काही आले. चार-पाच जण तळेगावला शोधत आले, वर्षा-दोन वर्षांनी. एक जण तर भाऊ गेल्यावर आला. बाकीचे कुठंकुठं गेले, कुणाला ठाऊक. त्यांना जमीन मिळाली की नाही, तेही कळलं नाही.” त्या थोड्या थांबल्या. “आई शेवटपर्यंत भाऊंना म्हणायची, तुमच्या एका दिवसानं पोरांची शाळा गेली. तेही खोटं नव्हतं.”

पर्यायी जमिनीसाठी पवनेच्या धरणग्रस्तांची मागणी पन्नास वर्षांनंतरही चालूच आहे, हे चालकाने मधेच, कोणाकडे न पाहता सांगितले. त्याच्या आजोबांचे नाव त्या यादीत होते. याच धरणाचे पाणी बंद जलवाहिनीतून शहराकडे नेण्याच्या योजनेला खोऱ्यातील शेतकऱ्यांनी विरोध केला; ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर पोलिसांच्या गोळीबारात त्यांतले तिघे मृत्युमुखी पडले. ज्या शहराकडे ही वाहिनी जाणार होती, ते पिंपरी-चिंचवड. धरणातून सोडलेले पाणी नदीतून वाहत जाते, रावेतला उपसले जाते आणि शुद्ध होऊन घरोघरच्या नळाला येते. बसच्या मागच्या भागातल्या दोन पिंपांत सकाळी उकळून भरलेले पाणी तेच होते. हे कोणी मोठ्याने बोलले नाही, पण सचिवांच्या पत्नी पिंपाकडे जाता जाता क्षणभर थबकल्या, हे जवळच्यांनी पाहिले.

सूर्य तुंगाकडे कलला होता. अंधार पडण्याच्या आत जेवण व्हायला हवे होते, म्हणून सतरंज्या तिथेच पसरल्या. थेपले, खाकरे, कोरडी चटणी. गप्पा सकाळच्यापेक्षा हळू आवाजात चालल्या होत्या. नॉर्वेचे काका आत्याबाईंच्या शेजारी बसले आणि तराजू कुठल्या बाजूला होता, ओट्यावरून डोंगर कसा दिसे, असे बारीकसारीक विचारत राहिले. त्या सांगत राहिल्या.

जेवणे उरकल्यावर दोघी-तिघी तेलकट डबे आणि ताटल्या गोळा करून पाण्याच्या काठाकडे निघाल्या. आत्याबाईंनी बसल्या जागेवरून हाक मारली, “तिथं नको धुऊ गं.” मग पिंपातले घोटभर पाणी स्वतःच्या ताटलीत ओतून घेतले, बोटाने ताटली चारी बाजूंनी नीट धुतली, ते पाणी पिऊन टाकले आणि पदराने ताटली पुसून पिशवीत घातली. बाकीचे डबे तसेच झाकणे लावून बसमध्ये चढवले गेले.